बंदुकीचा चाप

बंदुकीचा इतिहास सांगणारे ग्रंथ बहुधा नळीचा, दारूचा आणि गोळीचा इतिहास सांगतात. नळी किती लांब होती, दारू किती वेगानें पेटे, गोळी किती दूर जाई, यांचीं कोष्टकें त्यांत विपुल सांपडतात. परंतु मनुष्य आणि बंदूक यांची खरी गांठ जेथें पडते ती जागा यांपैकीं कोणतीच नव्हे. ती जागा म्हणजे चाप. तर्जनीच्या पहिल्या पेराखालीं येणारा लोखंडाचा तो वांकडा तुकडा दिसण्यांत अगदीं क्षुद्र असतो. पण मनांतील इच्छा तेथें यंत्राच्या स्वाधीन होते, आणि एकदां स्वाधीन झाली म्हणजे ती कोणासहि परत घेतां येत नाहीं.

पांच शतकांपासून मनुष्य या तुकड्यापाशीं दोन मागण्या करीत आला आहे, आणि त्या परस्परांच्या वैरिणी आहेत. पहिली मागणी अशी कीं, चाप इतका हलका असावा कीं तो ओढतांना धरलेला नेम केसभरहि ढळूं नये. दुसरी अशी कीं, तो इतका घट्ट असावा कीं धक्का लागला, बंदूक हातांतून पडली, झुडपाची फांदी अडकली, तरी बार उडूं नये. इच्छा होतांच ऐकावें आणि इच्छा नसतां मुळींच ऐकूं नये, असा हा सेवक हवा असतो. ज्यांच्यापाशीं पैसा होता त्यांनीं तो निष्णात कारागिरांकडून घडवून घेतला. ज्यांच्यापाशीं नव्हता त्यांनीं स्वस्त बंदूक विकत घेतली आणि घरच्या टेबलावर कानस व धार लावण्याचा दगड घेऊन ते स्वतःच तिच्या मागें लागले. चापाचा इतिहास हा या दोघांचाहि इतिहास आहे.

हलक्या चापाची एवढी मातब्बरी कां, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. सामान्य लष्करी रायफल आठ-नऊ पौंड वजनाची असते आणि तिचा चाप सुटण्यास पांच-सहा पौंडांचा जोर लागतो. म्हणजे जी वस्तु निश्चल ठेवावयाची, तिलाच तिच्या निम्म्या वजनाहून अधिक जोरानें एका बोटानें ओढावयाचें. मागची खांच आणि पुढची माशी यांत २४ इंचांचें अंतर असेल, तर माशी इंचाच्या शंभराव्या भागानें सरकली तरी १०० यार्डांवर गोळी दीड इंच बाजूस जाते आणि ५०० यार्डांवर साडेसात इंच. इंचाचा शंभरावा भाग डोळ्यांस जेमतेमच जाणवतो. म्हणून जुने उस्ताद सांगत असत कीं, चाप ओढूं नये, तो हळूहळू दाबीत जावें आणि बार केव्हां उडाला तें स्वतःसहि कळूं नये.

आरंभीच्या हातबंदुकांना चापच नव्हता. लोखंडाची नळी काठीस बांधलेली, तिच्या कानावर रंजक, आणि एका हातानें पेटता तोडा किंवा तापलेली सळई त्या रंजकास लावावयाची, अशी ती रीत होती. एक हात अशा रीतीनें गुंतल्यावर नेम तो कसला धरणार? पंधराव्या शतकाच्या आरंभीं कोणा कल्पक मनुष्यानें नागमोडी आकाराची एक लोखंडी पट्टी बंदुकीच्या दस्त्यास खिळीनें बसविली. वरच्या टोंकास तोडा अडकवावयाचा. खालचें टोंक बोटांनीं दाबलें कीं वरचें टोंक वांकून रंजकावर येई. १४११ सालच्या एका ऑस्ट्रियन हस्तलिखितांत या पट्टीचें चित्र आहे. तिनें दोन्ही हात बंदुकीसाठीं मोकळे केले आणि डोळा नळीच्या रेषेंत आणला. चापाचा जन्म तो हाच.

तोड्याची बंदूक आपल्या देशांत सर्वत्र पसरली आणि येथल्या लोहारांनीं तिला आपलें रूप दिलें. हिंदी बनावटीच्या बंदुकींत ही सारी यंत्रणा दस्त्याच्या पोटांत लपविलेली असे. बाहेर दिसे तो केवळ तोड्याचा चिमटा आणि खालचा चाप. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवा जिंकल्यावर तेथील कारखान्यांत युरोपी आणि हिंदी कारागिरी एकत्र आली. तेथें होणाऱ्या बंदुकींत पट्टी बोटाबरोबर सावकाश न वांकतां कमानीच्या जोरानें झटकन् खालीं पडे. १५४३ सालीं पोर्तुगीज प्रवाशांबरोबर तानेगाशिमा बेटावर जपान्यांनीं जी पहिली बंदूक पाहिली, तिची यंत्रणा याच जातीची होती, असें कांहीं शस्त्राभ्यासकांचें मत आहे. जपानी कारागिरांनीं पुढें तीनशें वर्षे तीच रीत चालविली. त्या झटकन् पडणाऱ्या पट्टीचा लाभ असा कीं, नेम साधल्यापासून बार उडेपर्यंतचा वेळ कमी होई. आणि तोटा असा कीं, ताणलेली कमान कोणीतरी अडवून धरावी लागे. तें अडवून धरण्याचें काम ज्या भागाकडे आलें तो म्हणजे खटका. येथपासून पुढें चापाचा इतिहास हा वस्तुतः या खटक्याचा आणि त्याच्या खांचेचा इतिहास आहे.

खटक्याचें मर्म कळण्यास बंदूक हातीं धरावयास नको. घरांतील उंदराचा सापळा पाहिला तरी पुरे. त्यांत मोठी कमान ताणून एका काडीच्या टोंकावर अडकविलेली असते. काडी खोल अडकविली तर उंदीर भाकरीचा तुकडा खाऊन निघून जातो आणि सापळा तसाच राहतो. अगदीं टोंकावर ठेवली तर सापळा खालीं ठेवतांनाच बोटावर आपटतो. चकमकीच्या बंदुकींत हेंच होतें. गार धरणारा घोडा मागें ओढला म्हणजे आंतील मोठी कमान ताणली जाते. घोड्याच्या आंसावरील फिरकीला एक खांच असते आणि तींत खटक्याची चोंच जाऊन बसते. चापाचें काम एवढेंच कीं, ती चोंच खांचेंतून बाहेर काढावयाची. खांच खोल असली तर चाप लांब ओढावा लागतो आणि जड लागतो. उथळ असली तर तो हलका लागतो, पण धक्क्यानेंहि सुटतो. खांचेचा कोन, तिची खोली, तिच्या पृष्ठभागाची झिलई आणि कमानीचा जोर, या चारांपलीकडे चाप सुधारण्याची पांचवी गोष्ट नाहीं. बंदूक पेटविण्याच्या रीती तोड्यापासून गारेवर, गारेपासून टोपीवर आणि टोपीपासून काडतुसावर गेल्या. खांच मात्र तशीच राहिली.

या खांचेंतून युक्तीनें सुटका करून घेणारे पहिले लोक म्हणजे जर्मन प्रदेशांतील नेमबाज. तेथील शहरांतून मध्ययुगापासून नेमबाजांच्या मंडळ्या असत. प्रथम त्या यांत्रिक धनुष्यानें आणि पुढें रेषाखचित नळीच्या बंदुकीनें लक्ष्यवेधाचे सामने भरवीत. धनुष्याची दोरी फार मोठ्या ताणानें अडकविलेली असल्यामुळें ती बोटाच्या हलक्या स्पर्शानें सोडावयाची कशी, हा प्रश्न त्यांनीं अगोदरच सोडविला होता. सोळाव्या शतकांत तीच विद्या बंदुकीला लागली आणि दुहेरी चाप निघाला. त्यांत एकाच्या मागें एक असे दोन चाप असतात. मागचा ओढला म्हणजे बार उडत नाहीं. आंत एक लहानशी स्वतंत्र हातोडी ताणली जाते. नंतर पुढच्या चापास बोट नुसतें टेंकलें कीं ती हातोडी सुटते आणि मुख्य खटक्यावर आपटून त्याला खांचेंतून उडविते. खोल खांच तशीच राहिली, म्हणून बंदूक घेऊन चालतांना भय नाहीं. आणि बोटाचें काम हातोडीनें केलें, म्हणून नेम ढळण्याचें कारण नाहीं. मात्र हातोडी एकदां ताणली म्हणजे बंदूक फारच हळवी होते. हा हळवा चाप ताणून ठेवलेल्या बंदुकीसह एक पाऊलहि टाकूं नये, अशी शिस्त शिकाऱ्यांत होती. ती जाचक वाटे, पण जीव वांचवी.

या हळव्या चापानें एका राष्ट्राच्या इतिहासांत कायमचें प्रश्नचिन्ह उभें केलें आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे कारागीर द्वंद्वयुद्धाच्या पिस्तुलांच्या जोड्या करण्यांत नाणावले होते. त्यांतील रॉबर्ट वॉग्डन याच्या कारखान्यांतील एक जोडी अमेरिकेंतील धनिक जॉन बार्कर चर्च याच्यापाशीं होती. चर्च हा अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याचा साडू. ११ जुलै १८०४ रोजीं सकाळीं हडसन नदीच्या पश्चिम तीरावर वीहॉकेन येथें हॅमिल्टन आणि तत्कालीन उपाध्यक्ष आरन बर हे याच जोडीतील एकेक पिस्तुल घेऊन समोरासमोर उभे राहिले. हॅमिल्टनची गोळी बरच्या डोक्यावरील झाडाची फांदी मोडून गेली. बरची गोळी हॅमिल्टनच्या पोटांत शिरली आणि दुसऱ्या दिवशीं त्याचा अंत झाला.

हॅमिल्टननें मुद्दाम वर गोळी झाडली, कीं नेम साधण्यापूर्वींच त्याचें पिस्तुल उडालें? हा वाद दोनशें वर्षे चालला आहे. १९७६ सालीं, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशतसांवत्सरिक उत्सवासाठीं त्या जोडीची प्रतिकृति करतांना तीं पिस्तुलें उघडलीं गेलीं, तेव्हां त्यांत हळव्या चापाची गुप्त योजना आढळली. चाप थोडा पुढें ढकलला कीं ती ताणली जाई, आणि बाहेरून पाहणाराला तिचा थांगहि लागत नसे. कांहींजणांनीं त्यावरून अनुमान काढलें कीं, हॅमिल्टननें ती योजना वापरली आणि तिच्या अति हळवेपणानें त्याचा घात झाला. परंतु त्याचा साहाय्यक नॅथॅनियल पेंडल्टन यानें त्याच वेळीं लिहून ठेवलें आहे कीं, ती कमान ताणावयाची काय, असें विचारलें असतां हॅमिल्टननें या वेळीं नको म्हणून सांगितलें. म्हणजे ती योजना त्याला ठाऊक होती, आणि त्याच्या साहाय्यकाचें म्हणणें खरें धरलें तर त्यानें ती नाकारली. उभयपक्षीं पुरावा एवढाच. एका मनुष्याच्या आयुष्यांतील शेवटचा हेतु काय होता, हें चापाच्या आंतल्या एका बोटभर कमानीवर अवलंबून राहिलें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बंदूक द्वंद्वाच्या मैदानांतून सार्वजनिक सामन्यांच्या मैदानांत आली. इंग्लंडांत १८५९ सालीं राष्ट्रीय रायफल संस्था स्थापन झाली आणि २ जुलै १८६० रोजीं विंबल्डनच्या माळावर तिचा पहिला मेळावा भरला. त्याचें उद्घाटन व्हिक्टोरिया राणीनें केलें. जोसेफ व्हिटवर्थ यानें आपली रायफल एका लोखंडी बैठकीवर पक्की बसवून ४०० यार्डांवरील लक्ष्यावर रोखून ठेविली होती. राणीनें चापास बांधलेली रेशमी दोरी ओढली आणि गोळी केंद्रापासून दीड इंचाच्या आंत लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या प्रसंगांत समारंभाचा भाग मोठा होता. परंतु एक शास्त्रीय सत्यहि त्यांतून प्रकट झालें. बंदूक स्वतः किती अचूक असूं शकते तें लोकांस त्या दिवशीं दिसलें. तीच बंदूक मनुष्याच्या खांद्यास लावली कीं तो अचूकपणा नाहींसा होतो, याचा अर्थ दोष धरणाऱ्याच्या देहांत आणि चाप ओढण्याच्या क्रियेंत आहे.

सामने सुरू झाले तसा प्रत्येक नेमबाज आपला चाप हलका करूं लागला. शेजारीं शेजारीं पडून शेंकडों माणसें बार काढीत असतां एखाद्याचा चाप वाऱ्याच्या झुळुकीनें सुटणें परवडणारें नव्हतें. म्हणून चालकांनीं नियम केला कीं, चापास ठराविक वजन टांगावें. तें उचलूनहि घोडा पडला नाहीं तरच ती बंदूक सामन्यास योग्य. २६ सप्टेंबर १८७४ रोजीं न्यू यॉर्कजवळ क्रीडमूर येथें आयर्लंड आणि अमेरिका यांचा जो प्रसिद्ध सामना झाला, त्यांत ही मर्यादा तीन पौंडांची होती. प्रत्येक बाजूस सहा नेमबाज. ८००, ९०० आणि १००० यार्ड अशीं तीन अंतरें. आयरिश मंडळी रिग्बीच्या ठासणीच्या रायफली घेऊन आली होती. अमेरिकन मंडळींजवळ रेमिंग्टन आणि शार्प्स या मागून भरण्याच्या नव्या रायफली होत्या. आयर्लंडच्या मिल्नर यानें एक उत्तम गोळी मारली, पण ती शेजारच्या लक्ष्यावर! तिचे गुण बुडाले. अखेरीस आयर्लंडचे गुण ९३१ आणि अमेरिकेचे ९३० असतां अमेरिकेच्या कर्नल जॉन बोडाइन यांची एकच गोळी उरली. थोड्याच वेळापूर्वीं आल्याच्या पेयाची बाटली फुटून त्यांचा हात कापला होता आणि रक्त वाहत होतें. हातास रुमाल गुंडाळून ते आडवे झाले. तीन पौंडांचा चाप, जखमी हात, १००० यार्डांवरचें लक्ष्य आणि मागें श्वास रोधून उभा असलेला समुदाय. त्यांनीं घाई केली नाहीं. गोळी मध्यभागीं लागली, चार गुण मिळाले आणि सामना ९३४ विरुद्ध ९३१ असा अमेरिकेनें जिंकला. हलका चाप म्हणजेच सर्वस्व नव्हे, हें त्या रक्ताळलेल्या रुमालानें एकदां सिद्ध केलें.

सैन्याची अडचण याहून निराळी होती. सैनिक चिखलांत लोळतो, खंदकांत उडी मारतो, थंडीनें बधिर झालेल्या बोटांनीं चाप दाबतो. त्याला हळवा चाप देणें म्हणजे त्याच्या सोबत्याचा जीव धोक्यांत घालणें. पण फारच जड चाप दिला तर गोळी शत्रूस लागणार नाहीं. यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या रायफलींत दोन टप्प्यांचा चाप आला. जर्मनीच्या १८९८ च्या माउझरमध्यें चापाच्या माथ्यावर दोन उंचवटे असतात. पहिल्या उंचवट्यावर चाप टेंकला असतां बोट हलक्या हातानें मागें येतें आणि खटका खोल खांचेंतून बराचसा बाहेर निघतो. मग दुसरा उंचवटा टेंकतो, बोटास स्पष्ट अडथळा जाणवतो, आणि त्यापुढें अगदीं थोड्या अंतराचा नेटका दाब दिला कीं बार उडतो. बंदूक खांद्यावर असतांना खांच खोल, म्हणून ती सुरक्षित. नेम धरल्यावर खांच उथळ, म्हणून ती अचूक. दोन वैरिणी मागण्यांचा असा सलोखा याहून सुबक रीतीनें क्वचितच झाला असेल. ब्रिटिशांच्या ली-एन्फील्ड रायफलींतहि हेच दोन टप्पे होते. ही रायफल पुढें बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांतहि होऊं लागली, आणि दुसऱ्या महायुद्धांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांनीं इटलीच्या डोंगरांत ली-एन्फील्डच चालविली. पहिला दाब घेऊन थांबणें आणि मग दुसरा दाब देणें, हा धडा रंगरुटास चांदमारीच्या पहिल्या दिवसांतच मिळत असे.

स्वस्त बंदुकीचा चाप सुधारून एका गरीब राष्ट्रानें काय साधलें, याचें उदाहरण फिनलंडचें आहे. १९१७ सालीं रशियापासून स्वतंत्र झालेल्या या लहान देशापाशीं नव्या रायफली विकत घेण्यास पैसा नव्हता. होत्या त्या झारच्या सैन्यानें मागें टाकलेल्या मोसिन-नागान जातीच्या. ती रायफल दणकट होती, परंतु तिचा चाप ओबडधोबड. एकच चपटी कमान खटक्याचेंहि काम करी आणि चापासहि आधार देई. म्हणून चाप सैल डुले आणि बार केव्हां उडेल याचा अंदाज बोटास येत नसे. फिनलंडच्या नागरिक संरक्षक दलानें जुन्या रायफलींचे सांगाडे घेऊन त्यांवर नव्या, जाड नळ्या चढविल्या, माशी सुधारली आणि चापाच्या खिळीभोंवतीं एक लहानशी गुंडाळलेली कमान घातली. त्या कमानीनें चापाचा डुलकेपणा गेला आणि पहिला व दुसरा दाब वेगळा कळूं लागला. १९२८ च्या आणि १९२८–३० च्या नमुन्यांत ही सुधारणा होती. या दलांत शेतकरी, शिक्षक, कारकून असे सामान्य लोक असत आणि आठवड्याच्या सुटीस नेमबाजीचा सराव करीत. १९३९–४० च्या हिवाळी युद्धांत जेव्हां सोव्हिएट सैन्यानें स्वारी केली, तेव्हां अशाच एका शेतकऱ्यानें, सिमो हैह्यानें, १९२८–३० च्या नमुन्याची रायफल दुर्बिणीवांचून चालवून जें केलें तें युद्धेतिहासांत नमूद आहे. पांचशेंहून अधिक मृत्यु त्याच्या नांवावर मांडले जातात. त्या आंकड्यानें अंगावर कांटा येतो. तो कौतुकाचा कीं भयाचा, हें ठरविणें सोपें नाहीं.

घरच्या टेबलावर चाप सुधारण्याचा खरा उद्योग भरभराटला तो अमेरिकेंत. तेथील सरकार नागरिकांस नेमबाजीची गोडी लागावी म्हणून जुन्या लष्करी रायफली अल्प किंमतीस विकीत असे. १९२० नंतरच्या दशकांत क्राग जातीची रायफल राष्ट्रीय रायफल संस्थेच्या सभासदास अवघ्या दीड डॉलरांस मिळे. दुसऱ्या महायुद्धानंतर तर युरोपांतील माउझर, एन्फील्ड आणि मोसिन रायफलींचे ढीग जहाजांतून अमेरिकेस आले. युद्धांतून परतलेल्या तरुणास हरणाच्या शिकारीसाठीं नवी रायफल परवडत नसे. जुनी लष्करी रायफल सहज परवडे. मग तो हिवाळ्याच्या रात्रीं तिचा लांकडी दस्ता तासून हलका करी, नळी आंखूड करी, आणि शेवटीं चापाकडे वळे. दोन टप्प्यांचा लष्करी चाप त्याला कंटाळवाणा वाटे. १९४६ सालीं ॲलन टिमनी यानें अशा रायफलींत बसविण्याचे तयार चाप विकण्याचा धंदा सुरू केला, तो याच गरजेंतून. परंतु तयार चापासहि पैसे पडत. ज्यांना तेहि जड वाटत, ते कानस हातीं घेत.

येथें एक धातुशास्त्राची गोष्ट आडवी येई आणि ती बहुतेकांस ठाऊक नसे. जुन्या रायफलींचे खटके आंतून मऊ आणि बाहेरून कठीण असत; मऊ लोखंडास कोळशाच्या भुकटींत तापवून त्याच्या पृष्ठभागावर कठीण कवच आणलेलें असे, आणि तें कवच इंचाच्या कांहीं सहस्रांशांइतकेंच जाड असे. वरवरची खरबड झिलईनें घालविली तर चाप खरोखरच सुधारे. पण हौशी मनुष्य एवढ्यावर थांबत नसे. आणखी थोडा हलका, आणखी थोडा हलका, असें करतां करतां कानस कवचाच्या पलीकडे जाई. त्या दिवशीं चाप लोण्यासारखा लागे. मालक प्रसन्न होई, मित्रांस दाखवी. मग शेंपन्नास बारांनंतर आंतला मऊ भाग झिजून खांचेची धार गोल होई, आणि एके दिवशीं खीळ जोरानें बंद करतांच, चापास बोट न लावतां, बार उडे. नळी जमिनीकडे असेल तर मालक शहाणा होई. दुसरीकडे असेल तर घरावर कायमचें दुःख येई. बंदूक टेबलावर शांत असतांना तिचा चाप कसा लागतो यावरून ती शिकारींत, धक्क्यांत, थंडींत आणि धुळींत कशी वागेल हें कळत नाहीं. जुन्या जाणत्या कारागिरांचा हात महाग असे तो कानस चालविण्यासाठीं नव्हे. ती कोठें थांबवावयाची याच्या ज्ञानासाठीं.

१९६३ सालीं अध्यक्ष केनेडी यांची हत्या टपालानें मागविलेल्या अशाच एका स्वस्त इटालियन लष्करी रायफलीनें झाली. १९६८ च्या कायद्यानें टपालानें बंदुका मागविणें आणि परदेशी लष्करी रायफलींची आयात हीं दोन्ही बंद केलीं. घरगुती सुधारणेचा तो सुवर्णकाळ तेथें ओसरला.

कारखान्यांतला चापहि या द्वंद्वांतून सुटला नाहीं. १९४८ सालीं रेमिंग्टन कंपनीनें माइक वॉकर या अभियंत्यानें योजिलेला एक नवा चाप बाजारांत आणला. एका टप्प्यांत, काच मोडावी तसा स्वच्छ सुटणारा हा चाप नेमबाजांस अतिशय आवडला. पुढें १९६२ पासून कंपनीच्या लोकप्रिय ‘मॉडेल ७००’ रायफलींतहि तो आला. मात्र कांहीं रायफली चाप न ओढतां उडाल्या, असे आरोप पुढें होऊं लागले आणि दावे चालले. कंपनीनें दोष कबूल केला नाहीं. तथापि २०१४ सालीं तडजोड होऊन सुमारें ७५ लक्ष बंदुकांच्या मालकांस त्या तडजोडीचा लाभ देऊं करण्यांत आला, आणि त्यांतील बहुतेकांस चाप विनामूल्य बदलून मिळण्याची सोय झाली. या प्रकरणाची धास्ती घेऊन इतर कारखानदार आपले चाप अधिकच जड करूं लागले आणि गिऱ्हाईक पुन्हां कानशीकडे वळलें. सुरक्षिततेसाठीं जड केलेला चाप घरीं नेऊन असुरक्षित होई, असा हा विचित्र फेरा होता.

तो फेरा तोडण्याचा यत्न सॅव्हेज कंपनीनें केला. या कंपनीची १९५८ पासून निघणारी स्वस्त रायफल अचूकतेसाठीं प्रसिद्ध होती आणि चापाच्या जडपणासाठीं बदनाम. २००२ च्या सुमारास कंपनीनें तिच्यांत नवा चाप बसविला. त्यांत चापाच्या मधोमध एक पातळ पातें असतें. बोटानें तें पातें दाबलें नाहीं तोंवर खटका आडव्या अडसरानें रोखलेला राहतो. धक्क्यानें चोंच खांचेंतून निसटली तरी ती त्या अडसरावर अडते आणि बार उडत नाहीं. असा दुसरा पहारेकरी आल्यावर खांच उथळ ठेवण्याचें भय उरलें नाहीं, आणि कारखान्यानेंच सोबत दिलेल्या लहानशा हत्यारानें मालकाला दीड पौंडापासून सहा पौंडांपर्यंत चाप लावून घेतां येऊं लागला. त्यापेक्षां खालीं स्क्रू फिरतच नाहीं. घरीं चाप सुधारण्याची हौस कंपनीनें दाबली नाहीं. तिला मर्यादेची भिंत घातली. थोड्याच वर्षांत इतर कंपन्यांच्याहि स्वस्त रायफलींत पातें असलेले चाप दिसूं लागले.

आजहि सामन्याच्या ठिकाणीं जुनी रीत चालू आहे. दहा मीटरच्या हवाई पिस्तुलाच्या स्पर्धेंत चापास ५०० ग्रॅमचें वजन टांगून परीक्षा होते. तें वजन पेललें नाहीं तर खेळाडूस परत पाठवितात. पन्नास मीटरच्या रायफलीस मात्र असें किमान वजन नाहीं. तेथें चाप किती हळवा ठेवावा हें खेळाडूच्या संयमावर सोपविलेलें आहे. याच प्रकारांत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथें विश्वविजेतेपद मिळविलें, आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक पटकाविलें. त्यांच्या बोटाखालचे चाप उत्कृष्ट असतील यांत शंका नाहीं. पण चांगला चाप मनुष्यास नेम देत नाहीं. तो केवळ त्याच्या नेमाच्या आड येत नाहीं.

नागमोडी पट्टीपासून या पात्यापर्यंत सहाशें वर्षांचें अंतर आहे. एवढ्या काळांत पुष्कळ कारागिरांनीं तो वांकडा तुकडा हलका केला आणि पुष्कळांनीं तो घट्ट केला. ज्यांनीं केवळ हलका केला त्यांच्या घरीं कधीं ना कधीं पश्चात्ताप आला. ज्यांनीं केवळ घट्ट केला त्यांचा माल दुकानांत पडून राहिला. टिकले ते दोहोंचा मेळ घालणारे. खटक्याच्या चोंचीचें आणि खांचेचें अंतर आजहि कागदाच्या जाडीहून फारसें अधिक नसतें. इच्छा आणि अपघात यांच्यामध्यें जागा आहे ती तेवढीच.